हापसा : सोलापूर-जालन्यातून जगभर गेलेले यंत्र

१/ गावाच्या वेशीवर किंवा शाळेच्या आवारात उभा असलेला हापसा इतका परिचित आहे की त्यालाही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. त्याच्या घडणीचा महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात पार पडला.

२/ दख्खनचे पठार काळ्या कातळाचे, म्हणजे बसाल्टचे. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत साठते. हाताने खणलेली विहीर बहुधा त्या वरच्या थरावरच विसंबून असते. पाऊस सलग हुकला की हाच थर प्रथम आटतो. १९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या विहिरींनी असाच तळ गाठला.

३/ कातळ फोडण्याचे नवे साधन तत्पूर्वीच देशात आले होते. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफने दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे भारतात आणली. महिनोन्महिने सुरुंग लावून खणण्याचे काम आता अल्पावधीत होऊ लागले. ‘विंधण विहीर’ हा शब्द सरकारी कागदांत रुळला. लोकांनी तिला ‘बोअर’ म्हटले.

४/ परंतु त्या अरुंद छिद्रात ना पोहरा उतरत होता, ना मोट. पंप अपरिहार्य होता. बसवले गेले ते बिडाचे हातपंप. त्यांचा आराखडा परदेशातील एखाद्या कुटुंबाच्या गरजेपुरता होता. येथे एका दांड्यावर अवघी वस्ती पाणी भरत होती. सांध्यांतील खिळी झिजत, बीड तडकत असे, कातडी वायसर फाटत.

५/ १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत सुमारे तीन-चतुर्थांश हापसे बंद आढळले. भूगर्भात पाणी होते, छिद्रही होते; तरीही बायकांच्या डोक्यावरचा हंडा पुन्हा जुन्याच वाटेने दूरच्या पाणवठ्याकडे निघाला होता.

६/ या प्रश्नाचे उत्तर जालना आणि सोलापूर येथे आधीच आकाराला येत होते. तेथे ख्रिस्ती मिशनांशी संबंधित कारागीर विहिरी विंधण्याचे काम करत. मोडलेले पंप दुरुस्त करता करता त्यांनी बिडाऐवजी पोलाद वापरले, अनेक सांध्यांऐवजी एकच आस ठेवला आणि त्यात बंदिस्त बेअरिंग बसवले. ‘सोलापूर पंपा’त दांडा व सळई साखळीने जोडली गेली. त्यामुळे सळई सरळ वर-खाली होई, कडेला घासत नसे.

७/ याच आराखड्याच्या पायावर भारत सरकार, युनिसेफ आणि अभियंत्यांनी ‘इंडिया मार्क २’ विकसित केला. कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या. १९७७-७८ च्या सुमारास मद्रासमधील रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीत त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

८/ आराखडा कोणाच्याही मक्तेदारीत ठेवला नाही. भारतीय मानक ठरवून तो सर्व उत्पादकांना खुला केला गेला. त्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. पुढे हा हापसा आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला आणि जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांत गणला गेला.

९/ मात्र याच काळात शेतीसाठीही बोअर खोल खोल जाऊ लागले आणि त्यांत विजेचे पंप उतरले. हापशाची झेप साधारण ४५ ते ५० मीटर. शेजारच्या उसासाठी पाण्याची पातळी त्याखाली गेली, तर सुस्थितीतला हापसाही कोरडाच वाजतो. म्हणूनच १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यास मनाई केली. कायदा झाला; पण प्रत्येक शिवारातील बोअर मोजणार कोण, हा प्रश्न उरलाच.

१०/ झिजलेली साखळी गावातला मिस्त्री बदलू शकतो. उतरलेली पातळी कोणा एका मिस्त्रीच्या हातची नसते; तिचा हिशेब साऱ्या शिवाराला मिळून करावा लागतो. पहिला प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सुटला. दुसरा अजूनही प्रत्येक उन्हाळ्यात हापशाच्या दांड्यावर उभा असतो.