माळढोक आणि काळवीट (माणदेशी माळरान)

कोरड्या माळरानाचे दोन मोठे रहिवासी. एक पक्षी, दुसरे हरीण. सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण नदीकाठी वसलेल्या म्हसवडपासून आटपाडी, सांगोला, सोलापूरकडे पसरलेला हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिमी, माती उथळ, गवत कुसळीचे, मधूनमधून हुलगा, मटकी, शाळूची राने. आडोसा नसलेल्या अशा जमिनीवर दोघांचीही भिस्त तीक्ष्ण नजरेवर.

माळढोक सुमारे १ मीटर उंच. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. पायाला मागचे बोट नसल्याने तो झाडावर बसत नाही. चरणे, निजणे, अंडी घालणे सारे भुईवर. काळवीट हा शास्त्रीयदृष्ट्या गाय-बैलांच्या कुळातला. त्याची पिळदार शिंगे आयुष्यभर टिकतात. चितळ-सांबर मात्र दरवर्षी शिंगे गाळतात. शिंगे नराला, मादी सहसा बिनशिंगी.

विणीच्या हंगामात माळढोकाचा नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून छातीपुढे लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमतो. तो आवाज अर्धा किलोमीटर जातो. काळवीटही ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालून आपली हद्द राखतो.

फरक पडतो तो पुढच्या पिढीत. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे २७ दिवस उबवते. मेंढरांचा कळप, भटके कुत्रे, नांगर, काहीही त्यावरून गेले की तो हंगाम वाया. काळविटाचे पाडस पहिले काही दिवस गवतात दडते, मग आईमागे धावू लागते. वीणही वर्षभर केव्हाही होते. शिवाय काळवीट शेताच्या कडेने, उभ्या पिकातही निभावून नेतो. नजर तीक्ष्ण असली तरी माळढोकाला नेमके समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे वजनदार शरीराने उडताना तो वीजतारांवर आदळतो.

दोघेही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये, तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झाले. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी राखलेल्या गवतात काळवीट वाढले, माळढोक मात्र दिसेनासा होत गेला. माळाला सरकारदरबारी ‘पडीक’ ठरवून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. माळढोकाच्या ऱ्हासात या समजुतीचा वाटा शिकारीइतकाच धरला पाहिजे.