गहू हवा, ग्लूटेन नको

कॅथलिक मिस्सेत फादर जी पांढरी, पातळ चकती हातावर ठेवतात तिला रोजच्या बोलण्यात होस्ट म्हणतात. गव्हाचे पीठ आणि पाणी, एवढाच तिचा ऐवज. मीठ नाही, खमीर नाही. वजन पाव ग्रॅमच्या आसपास. तेवढ्यातही वीस-पंचवीस मिलिग्रॅम ग्लूटेन असते, आणि सिलिअॅक हा आजार असलेल्या माणसाने दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत राहावे असे वैद्यक सांगते. थोडक्यात, रविवारची एक चकती त्याचा दोन दिवसांचा हिशेब बिघडवते. त्याच्या आतड्याच्या आतली, अन्न शोषून घेणारी मखमल ग्लूटेन या प्रथिनामुळे झडत जाते. पोट फुगते, मूल खंगते, वाढ खुंटते. यावर गोळी नाही. आयुष्यभर पथ्य, एवढाच इलाज.

या पथ्याची आणि त्याला चालणाऱ्या होस्टची कुळकथा एकच आहे, आणि तिची सुरुवात चर्चमध्ये होत नाही.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युएल गी यांनी १८८७ साली या आजारावर व्याख्यान दिले. रोग बरा झालाच तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. कोणत्या आहाराने, ते मात्र हाती लागले नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज भरपूर डच शिंपले खाऊ घातले तेव्हा ते पोर छान सुधारले. हंगाम संपला आणि पुन्हा घसरले. पुढच्या हंगामात पोराने शिंपल्यांना तोंड लावायलाच नकार दिला. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली आणि श्रेय केळ्याला मिळाले. खरे काम केले होते ते त्या आहारात बंद केलेल्या पावाने. पुढची कितीतरी वर्षे या मुलांच्या आया केळी कुस्करत राहिल्या.

पावाकडे बोट दाखवले ते हॉलंडमध्ये. हेगच्या युलियाना बालरुग्णालयात विलेम-कारेल डिके १९३६ साली संचालक झाले, तेव्हा ते अवघे एकतीस वर्षांचे होते. पाव बंद केला की माझे मूल सुधारते, असे एका आईने डॉक्टरांना सांगितले होते, अशी आठवण त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवली आहे. आईचे निरीक्षण दवाखान्यात सहसा ‘बरं, बघू’ म्हणून बाजूला सारले जाते. डिके खरोखरच बघत बसले. गहू वगळलेल्या आहारावर त्यांनी १९४१ मध्ये लिहिलेही.

मग १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा आला. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. शहरांत माणशी रोजचे रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेले, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, वीसएक हजार माणसे मेली. अशा दिवसांत डिके यांची सिलिअॅकची मुले सुधारत होती, कारण पावच मिळत नव्हता. पुढे मदतीचा पाव आला. १९४५ च्या एप्रिलअखेर ब्रिटिश विमानांनी अन्न टाकायला सुरुवात केली. त्या मोहिमेला बायबलमधल्या आकाशातून पडलेल्या अन्नाचे, मान्नाचे, नाव दिले होते. सगळा देश पाव खाऊन तरारला, ही मुले पुन्हा आजारी पडली. युद्धानेच हा शोध लावला असे सांगायची पद्धत आहे. गोष्ट रंगते, पण डिके यांच्यावर अन्याय होतो. संशय आधीपासूनचा होता. दुष्काळाने त्याला क्रूर दुजोरा दिला, एवढेच.

पुरावा गोळा झाला तो युद्धानंतर, आणि अगदी गद्य रीतीने. मोजक्या मुलांना महिनोन्‌महिने कधी गहू द्यायचा, कधी तांदूळ, मका किंवा बटाटा, आणि शौचातून किती चरबी न पचता बाहेर पडते ते मोजत राहायचे. मोजण्याची पद्धत युट्रेख्तचे व्हॅन डे कामर यांनी बसवली होती. गहू आणि राय दोषी ठरले, तांदूळ-मका सुटले. हा डिके यांचा १९५० चा प्रबंध. दोनच वर्षांत बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी गव्हाचे पीठ धुऊन त्याचे भाग वेगळे केले. स्टार्च निरुपद्रवी, ग्लूटेन घातक.

हे धुणे आपल्याला नवे नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटायचा, चोथा पिळून बाजूला काढायचा आणि रात्रभर खाली बसलेला पांढराशुभ्र चीक घ्यायचा. चोथ्याबरोबर जे चिवट, रबरासारखे हाताला लागते त्यात बरेचसे ग्लूटेन असते. (म्हणून कुरडई सिलिअॅकला चालेल असे कुणी समजू नये, घरच्या चिकात ग्लूटेन उरतेच.)

आता वेदीकडे येऊ. चर्चच्या कायद्याचे ९२४ वे कलम सांगते की भाकर केवळ गव्हाचीच हवी. तांदळाची नाही, ज्वारीची नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांना तांदळाची चकती देण्यात अडचण वाटत नाही, पण रोमसाठी हा संस्काराच्या वैधतेचा प्रश्न आहे. ग्लूटेन पूर्ण काढलेली होस्ट अवैध, पीठ भाकर म्हणून धरून राहील इतपत थोडे ग्लूटेन असेल तर वैध, असे रोमहून आलेल्या कार्डिनल रात्सिंगर यांच्या १९९५ च्या पत्रात आहे. त्याच पत्राने सिलिअॅक असलेल्या तरुणांना फादर होण्याचे दारही बंद केले होते. २००३ च्या पत्राने ते किलकिले केले आणि सामान्य भाविकाला नुसता द्राक्षारस घेण्याची मुभा सांगितली. भाकर असो वा द्राक्षारस, कोणत्याही एकात ख्रिस्त पूर्णच असतो, ही त्यामागची जुनी शिकवण. धर्मशास्त्र म्हणून ते चोख आहे. पण पहिल्या कम्युनियनला, म्हणजे होस्ट पहिल्यांदा घेण्याच्या विधीला, पांढऱ्या फ्रॉकमध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या पोरीला ते कोण समजावणार? २००४ साली न्यू जर्सीत अशाच एका आठ वर्षांच्या मुलीने तांदळाची चकती घेतली आणि तिचे पहिले कम्युनियन अवैध ठरवले गेले. आईने थेट रोमपर्यंत दाद मागितली. नियम मला समजतो. तो त्या घराला ज्या कोरडेपणाने कळवला गेला, तो समजत नाही.

सांत्वन आले ते एका भटारखान्यातून. अमेरिकेत मिसुरीमधल्या क्लाइड गावी बेनेडिक्टाइन सिस्टर्स १९१० पासून होस्ट भाजतात. सिलिअॅक असलेल्यांची विचारणा येऊ लागली तेव्हा जेन हेश्मायर आणि लिन मरी डिसूझा या सिस्टर कामाला लागल्या. (हे दुसरे आडनाव वाचून वसईकरांचे कान टवकारतील.) अडचण अशी की पिठाला धरून ठेवते ते ग्लूटेनच. ते काढले की पीठ मळले जात नाही आणि चकती भुगा तरी होते, नाहीतर चिकटून बसते. दुसरे काही मिसळायचे नाही, हा तर नियमच. बराच काळ हात पोळल्यावर गव्हाचे स्टार्च आणि पाणी एवढ्यातूनच एक कुरकुरीत चकती उतरली. ग्लूटेन ०.०१ टक्के. म्हणजे एका चकतीत मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. रोमच्या लेखी ही गव्हाची भाकर, डॉक्टरांच्या लेखी जवळपास निर्धोक. २००३-०४ पासून ती मिळू लागली. २०१७ मध्ये कार्डिनल सारा यांच्या पत्राने तोच नियम पुन्हा सांगितला.

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांसाठी या नियमात एक वेगळीच गंमत आहे. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त असते, मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरात आगेरा. दोन्हीकडे भाताची पहिली कणसे मिरवत चर्चमध्ये येतात, आशीर्वाद घेतात आणि घरी जातात. वेदीवर भाकर होऊन बसायचा मान मात्र त्यांना नाही. स्वयंपाकघरात उलट. सूर म्हणजे माडी घालून फुगवलेले सान्ना, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नारळाचा रस आणि काळ्या गुळात घोटलेला दोदोल, हे सगळे सिलिअॅकच्या मुलाला मिळते. नाताळात हात आखडता घ्यायचा तो मैद्याच्या कुलकुलांना, नेवऱ्यांना आणि बेबिंकाला. खरा दगा कोपऱ्यात असतो. डबीतल्या बांधानी हिंगात सहसा गव्हाचे पीठ असते. माशाला लावायचा रवा गव्हाचाच. आणि गिरणीत गव्हावर दळलेले तांदळाचे पीठ तर घरी आणण्यातच अर्थ नाही. असे आजारी मूल असलेल्या घरी ‘प्रार्थना करतो हं’ म्हणून जाणारे पुष्कळ असतात. ‘आमची चक्की धुऊन ठेवली आहे, तुमचे तांदूळ आधी दळून घ्या’ म्हणणारी शेजारीण एखादीच.

चर्चमध्येही तीच सावधगिरी लागते. मिस्सेत फादर मोठी होस्ट मोडून तिचा तुकडा द्राक्षारसाच्या पात्रात टाकतात. त्यामुळे ‘नुसता द्राक्षारस घ्या’ हा सल्लाही त्या पात्रापुरता फुकट जातो आणि दुसरे, वेगळे पात्र मांडावे लागते. फादरांची बोटे दोनशे होस्ट हाताळून आलेली असतात. म्हणून कमी ग्लूटेनची चकती मिस्सेच्या आधीच झाकणाच्या वेगळ्या डबीत घालून वेदीवर ठेवायची, कम्युनियनच्या वेळी डबीच पुढे करायची आणि चकती मुलाने आपल्या हाताने उचलायची. आणि हे सगळे दर रविवारी, नवे फादर आले की नव्याने, आईलाच सांगावे लागते.