आटे पुसलेली नळी

शहापूर आज बेळगाव शहराच्या पोटात सामावून गेले आहे. परंतु १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानचे गाव होते आणि लगतच इंग्रजांची छावणी होती. अशा सरहद्दीवरच्या वस्तीत शस्त्रांविषयीच्या कथा घरोघर असाव्यात हे ओघानेच आले. खंडेनवमीला पाटावर मांडलेल्या शस्त्रांत एखादी जुनी लष्करी बंदूक असली, की तिच्याविषयी तीन गोष्टी हमखास ऐकू येतात: ती सत्तावनच्या बंडातील आहे, ती गोऱ्या साहेबाकडून हिसकावून घेतलेली आहे, आणि ती अजून चालते. आम्ही पेशाने वकील. वकिलाला तोंडी पुराव्यापेक्षा लेखी पुराव्याचा लोभ अधिक. आणि बंदुकीच्या अंगावर लेख असतोच, तो वाचणारा भेटत नाही एवढेच.

नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेचे उदाहरण वाचकांना परिचित असेल. वसईच्या १७३९च्या विजयानंतर ती आली असे आपण सांगतो. परंतु ती फिरंग्यांची आहे हे आपल्या सांगण्यावर अवलंबून नाही. तिच्यावर १७२१ हा आकडा आणि पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. बंदुकीचेही तसेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीवर आधी हृदयाच्या आकाराची व्यापारी खूण, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मागल्या पायांवर उभा असलेला सिंह आढळतो. राणी सरकारच्या बंदुकीवर राजमुकुट, ‘व्ही. आर.’ ही अक्षरे आणि सन. हा सन मात्र कळीचा असतो, सबंध बंदुकीचा नव्हे. कळ बदलता येते, दस्ताही बदलता येतो. तरीही तेवढ्यावरून पुष्कळ निकाल लागतात. नोव्हेंबर १८५७ मध्ये नि:शस्त्रीकरणाच्या हुकुमाविरुद्ध हलगलीचे बेडर उठले. पुढच्या वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी बंड केले आणि जून १८५८ मध्ये त्यांना बेळगावात फाशी झाली. ज्या बंदुकीची कळ, नळी व दस्ता एकमेकांशी जुळतात आणि कळीवर १८५९चा सन आहे, ती या दोन्ही प्रसंगी हजर नव्हती, असे कोणतेही न्यायालय म्हणेल.

आता आम्हाला ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलावीशी वाटली तिच्याकडे वळतो. १८५३च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक म्हणजे जिच्या काडतुसांवरून बंडाची ठिणगी पडली ती. तिच्या नळीत तीन पीळदार आटे असत आणि नळीचे छिद्र .५७७ इंच होते. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि दूरवर नेमकी लागे. बंड मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी १८५८च्या नमुन्याची निराळी बंदूक काढली. बाहेरून तीच, नळी आवळणारी तीन कडीही तीच. परंतु नळी आतून.६५६ इंच रुंद आणि गुळगुळीत, आटे मुळीच नाहीत. मागच्या निशाणीची वरखाली होणारी पट्टी जाऊन तिच्या जागी स्थिर ठोकळा आला. शिपायाने बंदूक खांद्यावर मिरवावी, परंतु गोऱ्या सोल्जराइतका लांबचा नेम त्याला साधू नये, हा हेतू.

अशी बंदूक हाती आली की पाहणारा नळीत उजेड धरतो, आटे दिसत नाहीत असे पाहतो आणि ‘झिजून गेली’ म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक ती झिजलेली नसते. ती जन्मतः तशी असते, आणि तीच तिची अस्सल स्थिती होय. एखाद्याने हौसेने तिच्यात नवे आटे पाडले, तर बंदूक सुधारेल, पण दस्तऐवज नष्ट होईल. अस्सलपणा आणि सुस्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे इतक्या ठळकपणे दाखवणारी दुसरी वस्तू आम्हास ठाऊक नाही.

हे धोरण पुढेही सुटले नाही. ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून आपण ओळखतो त्या ली-एन्फील्डच्या नळ्या .४१० इंचांपर्यंत रुंद व गुळगुळीत करून, काडतुसांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसवून, पोलीस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. एका वेळी एकच बार. तो ठोकळा कुणा गावठी सुताराचा नव्हे, सरकारी आहे. पुढच्या लाकडाला गुंडाळलेली तांब्याची तारही अशीच फसवते. फुटके लाकूड लोहाराने बांधले असावे असे वाटते. बंदुकीच्या तोंडाशी पेला बसवून हातबॉम्ब फेकताना लाकूड फाटू नये म्हणून ती कारखान्यातच गुंडाळलेली असे. बोल्टवरचा व नळीमागच्या कड्यावरचा क्रमांक एक आहे का, हे अवश्य पाहावे. परंतु जुन्या क्रमांकावर रेघ मारून नवा क्रमांक ठोकलेला दिसला तर घाबरू नये. ती खाडाखोड असली तरी स्वाक्षरी केलेली खाडाखोड आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्याची राजवटीतील खूण ‘जी. आर. आय.’, स्वातंत्र्यानंतरची अशोकस्तंभाचे सिंह. १९६२च्या चिनी युद्धानंतर तेथेच याच घाटाची ७.६२ मिलिमीटरची रायफल निघाली. तिला ‘पहिल्या महायुद्धातील’ म्हणून विकणारे आजही भेटतात.

गोव्याकडील वाचकांसाठी एक शब्द. मुकुटाखाली राजा कार्लोस पहिला याचे आद्याक्षर असलेली १९०४च्या नमुन्याची पोर्तुगीज माउझर रायफल जर्मनीत घडली. कार्लोस १८८९ साली गादीवर आला. अशी रायफल १८५२च्या दीपाजी राण्यांच्या बंडाशी जोडणे म्हणजे नातवाला आजोबांच्या लग्नात बसवणे होय.

स्थितीविषयी थोडेसे. नळीचे तोंड गोळीपेक्षा साफसफाईच्या दोरीने अधिक झिजते, आणि जुन्या टोप्यांतील क्षार नळीत राहिले की आमच्या इकडच्या पावसाळ्यात गंज नळी आतून पोखरतो. पण या दोहोंपेक्षा मोठा शत्रू भक्ती हा आहे. नवमीच्या आदल्या दिवशी काचकागद घेऊन लोखंड चांदीसारखे होईपर्यंत घासायचे, वर शेंदूर लावायचा. काळा मुलामा जातो, मुकुट जातो, सन जातो, क्रमांकही जातो.

येथे कायदा आड येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५९च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसण्यास मनाई करते. आणि खूण पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. आजोबांनी घासले असे सांगून भागत नाही. ते शाबीत करावे लागते. त्याच कायद्याचे पंचेचाळिसावे कलम जुनाट घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रास सवलत देते. पण ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नसेल तरच. म्हणजे ‘ती अजून चालते’ हे जे वाक्य यजमान पाहुण्यांपुढे अभिमानाने उच्चारतो, तेच त्याची सवलत घालवणारे वाक्य आहे. परवाना आहे का, असल्यास त्यावरचा क्रमांक बंदुकीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे पूजेपूर्वी पाहून घ्यावे. मग मऊ फडके आणि थोडे तेल पुरे; हळदकुंकू लाकडी दस्त्यावर वाहावे, लोखंडावर नव्हे.