घसारा

कॉमर्सच्या पदवीधराला आयुष्यात एकच गोष्ट नीट कळते, ती म्हणजे घसारा. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की तिची किंमत उतरते. हा सिद्धांत मी १९९८ साली बी. कॉम.च्या पेपरात चार पानं भरून लिहिला होता. गेल्या महिन्यात आमच्या कन्येने त्याची पार वाट लावली. तिने जीनची पँट आणली. नवी कोरी, आणि दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली.

"अगं, आधी जाऊन बदलून आण!"

"बाबा, ती फाटलेलीच असते. म्हणून तर महाग आहे."

मी खाली बसलो. बँकेत फाटकी नोट आली की तुकडा मोजून आम्ही पूर्ण नाहीतर अर्धी किंमत देतो, कधी काहीच देत नाही. पण "तुमची नोट छान फाटलीय, हे घ्या जास्तीचे" असं म्हणायची सोय रिझर्व्ह बँकेने अजून तरी केलेली नाही.

आणि त्याच आठवड्यात माझी २०१२ सालची जीन गुडघ्यावर फाटली. आपोआप आणि फुकट! सौ.ने लगेच तिची नेमणूक लादी पुसण्याच्या खात्यात करून टाकली. बदली रद्द करून घ्यायची तर सर्व्हिस रेकॉर्ड हाताशी हवं, म्हणून मी जीनचा इतिहास काढून वाचला.

तर मंडळी, या पँटचा जन्मच मुळी फाटण्याच्या तक्रारीतून झाला आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यात रेनो नावाचं गाव आहे. तिथे जेकब डेव्हिस हा शिंपी तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवायचा. १८७०-७१च्या सुमारास त्याच्याकडे एका लाकूडतोड्याची बायको आली. नवऱ्याची पँट टिकत नाही, जरा दणकट शिवून द्या, म्हणाली. (बायकोच्या तक्रारीतून जगाचं भलं झाल्याचं हे उदाहरण सौ.ला मुद्दाम वाचून दाखवलं. त्यात नवीन काय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.) डेव्हिसने झुलीच्या पट्ट्यांना लावायची तांब्याची रिबिटं खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकून दिली. खिसे फाटायचे थांबले आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. पेटंट घ्यायला त्याने आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला, सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसला, भागीदार करून घेतलं. २० मे १८७३ रोजी १,३९,१२१ क्रमांकाचं पेटंट मिळालं. पुढे मागच्या खिशांची रिबिटं बाकं नि घोड्यांची खोगिरं ओरखडू लागली, तेव्हा १९३७मध्ये ती कापडाखाली झाकली, आणि १९६६मध्ये काढून तिथे दाट शिवण घातली.

यात आपलाही थोडा वाटा आहे बरं का. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्याकडच्या डोंगरी नावाच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून तिकडे गेलाय.

पण खरी गंमत रंगाची. डेनिमचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे. उभे धागे निळीत बुडवून हवेवर धरतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा धरतात. इतकं करूनही नीळ धाग्याच्या पोटात शिरत नाही, वरवरच बसते. मॅनेजरसाहेबांच्या सूचना आमच्यात मुरतात, साधारण तितकीच. म्हणून जिथे घासलं जातं तिथे आतला पांढरा धागा डोकावतो. माझ्या मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन उमटलाय, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. बारा-तेरा वर्षांच्या नोंदी, सगळ्या खऱ्या. कन्येची झीज कारखान्यात घासून केलेली. आमच्या भाषेत, बोगस एंट्री.

हे सगळं ऐकून सौ. म्हणाली, "भाषण छान झालं. पण ठिगळ कशाचं लावायचं?"

मग तिलाच काहीतरी आठवलं. ती उठली आणि आईच्या पायमशीनचा खण तिने उघडला. आई गेल्यापासून तो कोणी फारसा उघडला नव्हता. तुटकी बटणं, खडू, बॉबिनी, आणि तळाशी दोऱ्याने बांधलेले निळ्या कापडाचे दोन पट्टे. ही जीन घेतली तेव्हा पायात लांब होत होती. आईने खालून कापून टीप मारून दिली होती. तुकडे मी केरात टाकायला निघालो तर म्हणाली, "राहू दे. गुडघे जातील तेव्हा लागतील."

ते पट्टे तसेच्या तसे गर्द निळे होते. कारण त्यांच्यावर कोणी बसलं नव्हतं, त्यांनी ऊन पाहिलं नव्हतं.

ठिगळ आतून लावलं. भोकापेक्षा चांगलं दोन बोटं मोठं, कारण भोकाभोवतालचं कापडही थकलेलं असतं. आडवे पांढरे धागे लोंबत होते ते कापले नाहीत, ठिगळावर बसवून वरून टिपा मारल्या. सोळा नंबरची सुई लागली. आता ही पँट उलटी करून, गार पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची. कुठे उसवलं तर धुण्याआधी दोन कच्चे टाके घालायचे, नाहीतर बोटाएवढं भोक मशीनमधून मुठीएवढं होऊन येतं.

कन्येने पँट उलटसुलट करून पाहिली. "बाबा, भारी दिसतेय! मला द्या ना. किती घ्याल?"

वस्तूचा पूर्ण घसारा काढून झाला, की पुस्तकात ती एक रुपयाला दाखवतात. मी हिशेब केला. एक रुपया.

"घे," ती रुपया काढत म्हणाली.

मी म्हटलं, "पुस्तकी किंमत सांगितली, बाळ. विकायची नाहीये."