बिघडलेले चित्र आणि निर्दोष चिप : एकात्मिक ग्राफिक्सची कहाणी

१/ जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या रेघा उमटतात, खिडक्यांच्या जागी काळे चौकोन दिसतात, एखादा खेळ सुरू होताच रंगांचा नुसता चिखल होतो. दुरुस्तीवाला दोन शब्दांत निकाल देतो : "ग्राफिक्स गेले." पुष्कळदा हा निकाल घाईचा असतो. तो घाईचा का, हे समजण्यासाठी १९९८ पर्यंत मागे जावे लागते. आजचा धागा त्याविषयी.

२/ फेब्रुवारी १९९८ मध्ये इंटेलने आय-७४० ही ग्राफिक्स चिप बाजारात आणली. लॉकहीड मार्टिनशी संबंधित रिअल थ्रीडी या कंपनीचा तिच्या घडणीत वाटा होता. त्रिमितीय आकारांवर चढवायची चित्रे, म्हणजे टेक्स्चर, कार्डावर न साठवता संगणकाच्या मुख्य मेमरीतून घ्यायची, हे तिचे वैशिष्ट्य. स्पर्धेत ती टिकली नाही. मुख्य मेमरीवर भिस्त ठेवण्याची कल्पना मात्र टिकली.

३/ १९९९ साली आलेल्या ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक्स थेट मदरबोर्डवर जाऊन बसले. वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला आणि संगणक स्वस्त झाला. परंतु प्रोसेसर आणि ग्राफिक्स आता एकाच विहिरीवर पाणी भरू लागले. पडद्यावरचे चित्र रॅममध्येच राहत असल्याने रॅमची पट्टी सदोष असली, तर तिचा डाग पडद्यावर उमटू शकतो. म्हणून पहिली कसोटी : पट्टी काढून पुसून बसवावी, नाहीतर दुसरी लावून पाहावी.

४/ २००४ मध्ये ९१५ चिपसेटसोबत जीएमए ९०० आले. त्याची रचना अर्धी होती. पिक्सेलला रंग देण्याचे काम चिप स्वतः करी, पण आकारांचे कोपरे अवकाशात कुठे पडतात याचे गणित ड्रायव्हर प्रोसेसरकडून करवून घेई. त्या काळचे काही खेळ सुरूच होत नसत किंवा रखडत, त्याचे एक कारण हे. चिप बिघडलेली नव्हती. ती मुळातच निम्म्या कामासाठी घडवलेली होती.

५/ मग आला विंडोज व्हिस्टाचा काळ. एप्रिल २००६ पासून नव्या संगणकांवर 'व्हिस्टा कॅपेबल' अशी चिकटपट्टी झळकू लागली. व्हिस्टाच्या पारदर्शक 'एरो' रूपाला नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर आवश्यक होता. ९१५ साठी तसा ड्रायव्हर कधीच निघाला नाही. तरीही चिकटपट्टीपुरती ही अट शिथिल करण्यात आली आणि ९१५ असलेले संगणक तिच्यासह विकले गेले.

६/ २००७ मध्ये ग्राहकांनी सिएटलच्या न्यायालयात दावा लावला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. इंटेलला तिमाहीचे उत्पन्न गाठता यावे म्हणून अट खाली आणली, असे मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने लिहिले होते. त्या व्यक्तीला आमचे हिशेब ठाऊक असणे शक्य नाही, असे इंटेलच्या प्रवक्त्याने सांगितले. मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या एका वरिष्ठाची तक्रार तर अशी, की २,१०० डॉलर मोजून घेतलेला आपला लॅपटॉप आता केवळ ईमेलपुरता उरला आहे. २००९ मध्ये न्यायालयाने दाव्याचे सामूहिक स्वरूप काढून घेतले.

७/ याच कथेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. २००६ च्या जानेवारीत नॉव्हेलने लिनक्ससाठी कॉम्पिझ प्रसिद्ध केले. पारदर्शक, लवचिक, डुलणाऱ्या खिडक्या ते याच ९१५ वर्गातील चिपवर रंगवू शकत होते. सिलिकॉन तेच, फरक ड्रायव्हरचा. व्हिस्टाच्या ग्राहकाला 'तुमचे यंत्र दुबळे आहे' असे सांगितले जाई, तेव्हा ते पूर्ण सत्य नव्हते.

८/ लिनक्सही या पापातून मुक्त नाही. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नेलमध्ये ग्राफिक्सच्या मेमरीची नवी व्यवस्था आली. मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये पडद्याचा आकार ठरवण्याचे काम कर्नेलकडे गेले. पाया बदलला, तो इमारतीत माणसे राहत असतानाच. एप्रिल २००९ च्या उबुंटू ९.०४ मध्ये इंटेल ग्राफिक्स असलेली असंख्य यंत्रे मंदावली. सुधारणेचे मोल जुन्या यंत्रांच्या धन्यांनी चुकवले.

९/ सर्वांत हाल झाले ८४५ आणि ८५५ या जुन्या चिपसेटांचे. प्रोसेसरने लिहिलेली माहिती त्याच्या कॅशमध्येच अडून राही आणि ग्राफिक्स रॅममधला शिळा मजकूर वाचे. परिणाम : विस्कटलेले चित्र आणि गोठलेला पडदा. सामायिक विहिरीचा १९९९ मधला सौदा दहा वर्षांनी असा अंगाशी आला.

१०/ या इतिहासातून आणखी दोन कसोट्या मिळतात. एक : पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर पाहावा. तिथे तो स्वच्छ दिसला, तर संशय केबल, पॅनेल किंवा चित्र बाहेर पाठवणाऱ्या भागावर जातो. दोन : हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करावे, म्हणजे चित्र प्रोसेसर काढील. वेग घटेल, पण खोट नाहीशी झाली तर शोध ड्रायव्हर आणि चिप यांच्यापुरता उरतो. मग ड्रायव्हरची निराळी आवृत्ती लावून पाहावी. नवी नेहमीच बरी असते असे नाही, हे २००९ ने शिकवले आहे.

११/ ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये आरंभलेल्या मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाने २०२१ च्या अखेरीस आपले जुन्या बांधणीचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढले आणि 'ॲम्बर' या वेगळ्या शाखेत जपले. त्याआधी, त्याच वर्षी, इंटेलच्या काहीशा जुन्या पिढ्यांसाठी डेव्ह एअरली यांनी 'क्रोकस' हा नव्या बांधणीचा ड्रायव्हर लिहिला होता. व्यापारी आधार आटल्यावरही यंत्र जिवंत राहू शकते. त्यासाठी त्याचे अंतरंग खुले असावे लागते आणि कोणीतरी रात्री जागाव्या लागतात.

१२/ सारांश इतकाच : चिप खरोखर जळतेही, हे नाकारता येत नाही. पण संगणक केव्हा मेला, हे अनेकदा सिलिकॉन ठरवत नाही. कुठल्या तरी कचेरीतली शिथिल झालेली अट ठरवते, किंवा न लिहिला गेलेला ड्रायव्हर. एखाद्या विद्यार्थ्याकडचे एकुलते एक यंत्र भंगारात जाण्यापूर्वी या तीन कसोट्यांना अर्धा तास द्यावा. निकाल देण्याआधी साक्ष तपासावी, हा इतिहासाचा नियम दुरुस्तीलाही लागू आहे.

(धागा समाप्त)