डंगरी

जाडेभरडे, मजबूत सुती कापड व त्यापासून शिवलेला कामाचा पोशाख. हे नाव मुंबईतील डोंगरी या वस्तीवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. स्वस्त व टिकाऊ असल्याने हे कापड खलाशी व मजूर वापरीत.

डेनिम हे याच्या जवळचे कापड होय. त्याचा ताणा निळीने रंगविलेला व बाणा पांढरा असतो. खिशांच्या कोपऱ्यांवर धातूचे रिव्हेट ठोकून विजारी मजबूत करण्याचे एकस्व जेकब डेव्हिस व लिव्हाय स्ट्रॉस यांना अमेरिकेत १८७३ मध्ये मिळाले. खाणकामगारांचा हा पोशाख १९५० नंतर चित्रपटांच्या प्रभावाने तरुणांत रूढ झाला. भारतात *दीवार* (१९७५) या चित्रपटातील मुंबईच्या गोदी-कामगाराचा गाठ मारलेला निळा सदरा लोकप्रिय ठरला.

या आवडीचे एक कारण कापडाच्या गुणधर्मात आहे. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही. त्यामुळे घर्षण होते तेथे रंग उडून पांढरे सूत दिसू लागते. वापरणाऱ्याच्या हालचालींची खूण कापडावर उमटते. कामगाराच्या दृष्टीने ती झीज होती. हौशी ग्राहकाला तीच शोभा वाटू लागली. मग कोरे कापडच विटवून विकण्याची पद्धत आली. त्यासाठी वाळूचा जोरदार मारा करीत. त्या धुळीने तुर्कस्तानातील अनेक कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडला आणि २००९ मध्ये तेथे या प्रक्रियेवर बंदी घालण्यात आली.

मुंबईच्या गिरण्यांत सूत कातणारे व कापड विणणारे बरेच कामगार जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले होते. विजयदुर्ग खाडीच्या आतील भागातील खारेपाटण हे प्राचीन बंदरही त्याच जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये ते नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात बहुतेक गिरण्या बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आता मोठी बाजारपेठ असून तेथे विटक्या निळ्या विजारी फॅशन म्हणून विकल्या जातात. श्रमिकाचा पोशाख प्रतिष्ठित झाला. श्रमिकाला मात्र ती प्रतिष्ठा लाभली नाही.