तीन रंगांचे खडू

काका विमानदलातून निवृत्त होऊन गावी आले, त्याच उन्हाळ्यात माजघरातला पंखा डुगडुगू लागला. काका स्टुलावर चढले. छताला फूटपट्टी टेकवून त्यांनी एकेक पातं त्याच जागी आणून मोजलं. एक बोटभर खाली होतं.

"चेतकचंही असंच असतं बघ," ते म्हणाले.

चेतक म्हणजे फ्रेंच अलुएत-३ हेलिकॉप्टर. एचएएलनं १९६५ साली बंगळूरला उडवलेलं. अकरा मीटर व्यासाचा रोटर, तीन पाती, मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे. पात्यांच्या टोकांना तीन रंगांचे खडू फासायचे, आणि कापडाची उभी पट्टी ताणलेला दांडा फिरत्या टोकांकडे हळूच न्यायचा. फट्! तिन्ही खुणा एकावर एक पडल्या तर ठीक. एखादा रंग वर-खाली पडला, तर त्या पात्याचा कोन किंचित बदलायचा आणि पुन्हा दांडा हातात. "तलवार फिरतेय आणि आपण तिला रुमाल दाखवतोय," असं सांगून काका हसत.

त्यांच्या उस्तादांकडून आलेली एक गोष्ट ते रंगवून सांगत. स्पेनचा हुआन दे ला सिएर्वा. त्याच्या ऑटोजायरोचं, म्हणजे वाऱ्यानंच पाती फिरणाऱ्या यंत्राचं, छोटं मॉडेल छान उडे. मोठं यंत्र मात्र कलंडे. मॉडेलची पाती वेताची होती, मोठ्याची ताठ. वेत वाकायचा, म्हणून मॉडेल तरायचं! मग त्यानं पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसवल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ यंत्र उडालं. पुढे १९२७ मध्ये एका ऑटोजायरोचं पातं मुळाशी तुटलं, तेव्हा पात्यांना मागेपुढे हलायलाही बिजागरी द्यावी लागली.

यातलं गणित मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. पात्याचं टोक सेकंदाला २०० मीटर वेगानं फिरतंय आणि हेलिकॉप्टर ५० मीटरनं पुढे जातंय, असं धरा. पुढे येणाऱ्या टोकाला वारा २५०चा, मागे जाणाऱ्याला १५०चा. उचल वेगाच्या वर्गावर. म्हणजे कोन तोच राहिला तर एका बाजूला जवळजवळ पावणेतीनपट. पातं वर उचललं जातं, तसा वाऱ्याशी त्याचा कोन घटतो आणि तोल सांभाळला जातो. पण वाकलेल्या पात्याला वारा वेगळा लागतो, आणि वेगळ्या वाऱ्यानं ते वेगळं वाकतं. शिवाय पुढच्या पात्यानं मागे सोडलेले भोवरे असतातच. म्हणून पात्याचे तुकडे कल्पून, वारा आणि वाक यांचा हिशोब जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडायचा.

एकदा काकांना लॅपटॉपवर केबिनच्या हादऱ्यांचा आलेख दाखवला. तिन्ही पाती सारखी असली, की धक्के एकमेकांना खोडतात. केबिनपर्यंत फेऱ्याला तीन, सहा असेच पोचतात. मी एक पातं मुद्दाम बिघडवलं. फेऱ्याला एक, असा नवा सुळका उभा राहिला.

काकांनी चष्मा वर करून त्यावर बोट ठेवलं. "हा होय! हा बुडाखाली कळायचा गं. मग आम्ही खडू काढायचो."